पुसदचं घर कोणत्या कागदात सापडतं?

आता पुसदचंच घर घेऊ. गावातलं जुनं, धाब्याचं, पुढे कधीतरी माडी चढलेलं. घरात सांगतात, "पणजोबांनी बांधलं." ठीक आहे. पण कागद काय म्हणतात?

पहिली गंमत अशी, की कागद यवतमाळलाच असतील असं धरून चालू नका. 1905 पर्यंत पुसद तालुका वाशिम जिल्ह्यात होता. तो जिल्हा मोडला तेव्हा पुसद यवतमाळला जोडलं. त्यामागे 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून कंपनीकडे गेलेला, आणि 1956 पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात. म्हणजे घर जागचं हललं नाही, दप्तर मात्र फिरत राहिलं. सरकारी पत्रव्यवहारासाठी नागपूरचं पुराभिलेखागार गाठावं, त्याहून मागे जायचं तर हैदराबाद.

पण सुरुवात तिथून करू नका, दमून जाल. सुरुवात भूमी अभिलेख कार्यालयातून करा. आपल्या विदर्भात शहरातल्या जागेचा जो कागद, त्याला आखीव पत्रिका म्हणतात. पुण्याकडे मालमत्ता पत्रक म्हणतील. शीट नंबर, प्लॉट नंबर, धारकाचं नाव आणि खाली एकेक फेरफार. ही पत्रिका नगरभूमापन झालं तिथून सुरू होते. त्याआधीचं घर बिननंबरी!

मग ते शोधायचं कसं? चतुःसीमेवरून. जुन्या खरेदीखतात लिहिलेलं असतं : पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, उत्तरेस तमक्याचा वाडा. आपलं खत सापडत नसेल तर शेजाऱ्याचं काढा, त्याच्या सीमेत आपला माणूस उभा असतो. दुय्यम निबंधकांकडे त्यासाठी सूची असते. वकील याला 'सर्च' म्हणतात. मजकूर मोडीत निघाला तर मोडी वाचणारा सोबत हवा, अंदाजाने वाचू नका.

नगरपालिकेचं कर आकारणीचं रजिस्टरही बघा. आकारणी एकदम वाढलेली दिसली तर तिथे थांबा. माडी चढली असेल, नाहीतर मातीच्या भिंती जाऊन विटा आल्या असतील. पणजोबांनी बांधलं की नुसतंच विकत घेतलं, हे बरेचदा इथेच उलगडतं. घरच्यांना ते आवडेलच असं नाही.

आणि फेरफार वाचताना नावं मोजा. 17 जून 1956 ला हिंदू वारसा कायदा आला. त्याआधी बाप वारला की मुलांची नावं चढत, मुलींचा प्रश्नच नसे. विधवेलाही 1937 च्या कायद्याने मिळालेला हक्क हयातीपुरता. 1956 नंतर मुलींची नावं लागायला लागली. पण त्याच कायद्याचं 23 वं कलम असं, की कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी भाऊ स्वतः करत नाहीत तोवर बहिणीला मागता येत नसे. शेत मागता येई, घर नाही! हे कलम गेलं 2005 साली.

म्हणून पत्रिकेवर पुष्कळदा असं दिसेल : एका नोंदीत बहिणींची नावं चढली, पुढच्या नोंदीत हक्कसोडपत्राने उतरली. दोन्ही तारखा वहीत टिपा. मध्ये किती दिवस गेले ते मोजा. आणि आत्या अजून असेल तर तिच्याकडे जाऊन विचारा, त्या दिवशी सही करायला तिला कोण घेऊन गेलं होतं.