डीझेल व बायोडीझेल : निवड आणि साठवण

डीझेल एंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन स्वतः पेटते. ते किती तत्परतेने पेटते हे सीटेन अंकावरून कळते. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ डीझेलचा सीटेन अंक किमान ५१, तर गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत फार तर १० असते.

बायोडीझेल म्हणजे करंज, पाम किंवा वापरलेल्या खाद्यतेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून मिळणारे एस्टर. नुसते गाळलेले तळणीचे तेल म्हणजे बायोडीझेल नव्हे. ते दाट असल्याने इंजेक्टरवर काजळी धरते. बायोडीझेल वंगण म्हणून चांगले, पण नैसर्गिक रबराच्या नळ्या फुगवते, तांब्या-पितळेच्या संपर्काने लवकर खराब होते आणि टाकीतला जुना गाळ सोडवून फिल्टर तुंबवते. म्हणून डीझेलमध्ये त्याच्या मिश्रणाचे प्रमाण एंजिन-उत्पादकाने सांगितले तेवढेच ठेवावे. पामचे बायोडीझेल थंडीत लवकर गोठते.

साठवणीतला खरा शत्रू पाणी. अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतील बाष्पाचे पाणी होऊन तळाशी जमते आणि पाणी व इंधन यांच्या सीमेवर बुरशी वाढून बुळबुळीत काळा थर धरतो. कोकणात पावसाळी मासेमारीबंदीत उभ्या राहणाऱ्या होड्यांना हा धोका विशेष. टाकी काठोकाठ नव्हे, पण प्रसरणापुरती जागा सोडून भरलेली ठेवावी. तळाच्या तोटीतून पाणी काढावे. जस्ताचा मुलामा दिलेली पिंपे टाळावीत. बायोडीझेल सहा महिन्यांच्या आत वापरलेले बरे. आंबूस वास किंवा गढूळपणा आल्यास ते एंजिनात घालू नये.