तिसरी तार

विजेच्या गिटारचा इतिहास सांगणारे लोक चुंबक आणि ध्वनिवर्धक यांविषयी भरभरून लिहितात. तारेकडे सहसा कोणी वळत नाही. मला मात्र या वाद्याचा खरा पालट तारेच्या जाडीतच दिसतो, आणि तोही एकट्या तिसऱ्या तारेत!

१९५०च्या दशकात अमेरिकेत मिळणाऱ्या संचांतली ही तार जाड असे, वर गुंडाळीची. साध्या साथीला ती चाले. पण आपले सतारिये मींड घेतात तशी तार ओढून स्वर चढवायचा म्हटले, की बोटे सोलून निघत. मग वादकांनीच तोड काढली. ‘सूझी क्यू’ (१९५७) या गाण्यात गिटार वाजवणारा जेम्स बर्टन बँजोच्या बारीक तारा गिटारला लावी. लॉस एंजेलिसच्या टारझाना भागात दुकान चालवणाऱ्या अर्नी बॉलने विद्यार्थ्यांची ही ओढाताण पाहिली आणि १९६२ साली ‘स्लिंकी’ नावाचा संच विक्रीस काढला. पहिली तार ०.०१० इंच, म्हणजे वादकांच्या भाषेत ‘दहाची’. तिसरी सतराची, बिनगुंडाळीची.

स्वर आणि लांबी तीच ठेवली, तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दहाऐवजी नवाची तार लावली, की तो जवळजवळ एक-पंचमांशाने उतरतो. बोटांना सुख, नादाला मात्र त्याची झळ लागते. सैल तार अधिक झुलते, पडद्यांवर खरखरते, आवाज थोडा पातळ येतो.

भरदार नादासाठी टेक्ससचा स्टीव्ही रे वॉन चक्क तेराची पहिली तार लावी. अर्थात गिटार अर्ध्या सुराने उतरवून!