शर्यतीच्या मोटारनौकेचे इंधन

अधिक अश्वशक्तीच्या शर्यती नौकेसाठी इंधन निवडताना पहिला प्रश्न ऑक्टेन अंकाचा, म्हणजे इंधनाच्या नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेचा असतो. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर झालेल्या पी-वन मोटारनौका शर्यतीतील अशा नौकांना २५० अश्वशक्तीची आउटबोर्ड एंजिने होती. रस्त्यावरची मोटार क्वचितच पूर्ण शक्तीने धावते. शर्यती नौकेचे एंजिन मात्र पाण्याचा रोध कापत बराच वेळ पूर्ण थ्रॉटलवर चालते. अशा वेळी नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन आपोआप पेटून धक्के बसणे, सुरू झाले तर पिस्टनला भोक पडू शकते. म्हणून संपीडन गुणोत्तर किंवा टर्बोचा दाब जितका जास्त, तितके ऑक्टेन जास्त हवे. गरजेपेक्षा अधिक ऑक्टेनने शक्ती वाढते, हा निव्वळ गैरसमज आहे. इंडियन ऑइलचे १०० ऑक्टेनचे एक्सपी-१०० पेट्रोल डिसेंबर २०२० पासून मुंबई-पुण्यात मिळू लागले.

खरी अडचण इथेनॉलची आहे. उसापासून बनणारे इथेनॉल ऑक्टेन वाढवते, पण ओलावाही शोषते, आणि नौकेभोवती ओलाव्याला तोटा नाही. पाणी फार झाले की इथेनॉल-पाण्याचा थर टाकीच्या तळाशी बसतो व नेमका तोच एंजिनात ओढला जातो. बहुतेक आउटबोर्ड निर्माते १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य करतात. भारतातील नेहमीच्या पेट्रोलमध्ये ते आता २० टक्के असते.

दुसरा पर्याय मेथॅनॉलचा; ते सिलिंडर थंड ठेवते. मात्र पेट्रोलच्या दुपटीहून अधिक लागते, ॲल्युमिनियम गंजवते, आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही.

शर्यतीआधी टाकीच्या तळाचे थोडे इंधन काचेच्या बाटलीत काढून इथेनॉल-पाण्याचा थर दिसतो का, ते अवश्य पाहावे.