दुसरी वाट, पण वेगळी

अटलांटिक महासागराखालून पहिली तार १८५८ साली टाकली गेली, आणि ती जेमतेम तीन आठवडे चालली. १८६५ साली 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने पुन्हा प्रयत्न केला. निम्म्याहून अधिक अंतर कापल्यावर तार तुटली आणि तळाशी गेली. पुढच्या वर्षी त्याच जहाजाने आयर्लंडहून न्यूफाउंडलंडपर्यंत नवी तार सुखरूप नेली. एवढी हकीकत बहुतेक पुस्तकांत असते. आम्हाला मौज वाटते ती त्यापुढची. काम फत्ते झाल्यावर जहाज मागे फिरले. आदल्या वर्षी बुडालेल्या तारेचे टोक गळ टाकून सुमारे साडेतीन किलोमीटर खोलीवरून वर काढले, त्याला नवा तुकडा जोडला आणि सप्टेंबर १८६६ मध्ये ती तारही किनाऱ्याला लागली. टिकाऊ तार मिळाली त्याच वर्षी तिला जोडीदारीणही मिळाली. एका तारेवर विसंबून राहू नये, हे त्या मंडळींना कोणी शिकवावे लागले नाही.

हिंदुस्थानची गोष्ट याहून बोलकी आहे. १८६५ पासून आपल्याकडचे संदेश इराणच्या आखातातील समुद्री तारेने फाओ बंदरापर्यंत आणि तिथून तुर्की साम्राज्यातील जमिनीवरच्या तारांनी युरोपला जात. त्यांना कित्येक दिवस लागत, आणि वाटेतल्या कारकुनांच्या हातून इंग्रजी मजकुराची दशा होई ती वेगळीच. १८७० साली दोन नव्या वाटा खुल्या झाल्या. एक सीमेन्स बंधूंनी उभारलेली लंडन ते तेहरान ही जमिनीवरची. दुसरी मुंबईहून एडनमार्गे सुएझला जाणारी समुद्री तार. मुंबई ते एडन हा टप्पा याच 'ग्रेट ईस्टर्न'ने टाकला. मोजायला तीन वाटा झाल्या. वर्गात नकाशावर तीन रंगांनी त्या काढून घ्याव्यात. मग दिसते की तुर्कस्तानची आणि तेहरानची वाट हिंदुस्थानकडे येताना आखातातल्या तारांपाशीच एकत्र येतात. आखातात काही बिघडले की दोन्हींना फटका. खऱ्या अर्थाने निराळी वाट होती ती मुंबईची.

जादा वाटांचा गणिती विचार झाला तो पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी. अमेरिकेत रँड संस्थेतील पॉल बॅरन यांनी १९६० च्या सुमारास असा प्रश्न घेतला: अणुहल्ल्यात काही केंद्रे नष्ट झाली तरी उरलेल्यांना एकमेकांशी बोलता यावे, यासाठी जाळे कसे विणावे? सर्व केंद्रे जोडण्यास लागतात त्याच्या तिप्पट-चौपट जोडण्या असल्या तरी जाळे चिवट बनते, असे त्यांच्या १९६४ च्या अहवालांत दिसते. संदेशाचे लहान तुकडे करून ज्या वाटेने जमेल त्या वाटेने पाठवायचे, ही कल्पनाही त्यांत आहे. (अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचा पूर्वज, अणुयुद्धासाठी बांधले असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. दूरदूरचे संगणक अनेकांना वापरता यावेत हा त्याचा मूळ हेतू होता. बॅरन यांच्या कल्पना मात्र त्यात उपयोगी पडल्या.)

या अर्पानेटचीच एक फजिती आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागाला उरलेल्या जाळ्याशी जोडणाऱ्या तब्बल सात लाईनी होत्या. १२ डिसेंबर १९८६ रोजी न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क राज्यांमधली एक प्रकाशतंतूंची केबल तुटली आणि सातही एकदम बंद पडल्या. सातही त्याच एका केबलमधून जात होत्या! आकृतीत सात रेघा होत्या, जमिनीत एकच.

इथे थोडे गणित. समजा, एक वाट शंभरांतला एक दिवस बंद असते आणि दुसरीही तशीच. मग दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता दहा हजारांत एक, असे विद्यार्थी झटकन सांगतात. हा गुणाकार दोन्ही घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच चालतो. कारण एकच असेल, तर शक्यता शंभरांत एकच राहते आणि दुसऱ्या वाटेचे पैसे फुकट जातात.

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील दोन मोठ्या केबली तुटल्या आणि भारतातील इंटरनेट कमालीचे मंदावले. दोन कंपन्या, दोन केबली, पण चिंचोळी वाट तीच. १८७० ची तारही इजिप्तमार्गेच युरोपला पोचत होती. ज्यांच्याकडे पूर्वेकडून, प्रशांत महासागरातून जाणारी सोय होती त्यांनी वाहतूक तिकडे वळवली.

एवढे सगळे ठाऊक असूनही आम्ही घरी तीच चूक केली. घरात एक शिक्षिका आहे. गुण ऑनलाइन भरण्याच्या शेवटच्या संध्याकाळी रस्त्यावर चर खणताना केबल तुटली आणि घरचे इंटरनेट गेले. मोबाइल आहेच की, म्हणून फोन उचलला, तर त्यावरही डेटा नाही. सिम त्याच कंपनीचे होते, आणि जवळच्या टॉवरलाही बहुधा त्याच चरातल्या केबलने पुरवठा होता. चाळीस मुलांचे गुण शेवटी शेजारच्या काकूंच्या फोनवरून भरले गेले.

आता दोन जोडण्या सांभाळणारा राउटर आणला आहे. एकीकडे घरची केबल, दुसरीकडे वेगळ्या कंपनीचे सिम घातलेला डोंगल. केबलला पहिला क्रमांक, सिमला दुसरा. घरातला दिवा हिरवा असूनही पुढे चरात केबल तुटलेली असू शकते. म्हणून राउटरला दर काही सेकंदांनी बाहेरच्या एखाद्या संगणकाला साद घालायला सांगावे लागते. लागोपाठ काही सादांना उत्तर आले नाही की तो सिमकडे वळतो. परत फिरताना मात्र केबल काही मिनिटे नीट चालू आहे याची खात्री करून घ्यावी, नाहीतर तो दोन वाटांमध्ये नुसता झुलत राहतो. वाट बदलली की आपला बाहेरचा पत्ताही बदलतो, त्यामुळे चालू असलेला व्हिडिओ कॉल बहुधा तुटतो, पुन्हा लावावा. डेटाची मर्यादा असेल तर मुलांचे चित्रपट त्या वेळी बंद. वीज ही तिसरी सामायिक गोष्ट, म्हणून राउटर आणि केबलची पेटी दोन्ही लहान यूपीएसवर घेतली.

महिन्यातून एकदा आम्ही मुद्दाम केबल उपसून पाहतो. पहिल्याच चाचणीत कळले की सिमचे रिचार्ज संपून नऊ दिवस झाले होते.