ओल्या पट्टीचा इतिहास

श्रोतेहो, नव्या रायपूरच्या वैशाखात पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि ओले फडके बघता बघता वाळते. इसबाच्या खाजेवर ओली पट्टी बांधणाऱ्याने ध्यानात ठेवावे ते हेच. आणि आपल्याकडे ते फार पूर्वी सांगून ठेवले आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील १८ व्या अध्यायात लेपांचे तीन प्रकार व पट्ट्यांचे १४ बंध वर्णिले आहेत. व्रण पिळून काढावयाचा नसेल तर लेप अंगावर वाळू देऊ नये. वाळलेला लेप निरुपयोगी व पीडाकारक होतो, असा तेथे दंडक आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात कार्ल ऑगस्ट बुरो या जर्मन शल्यविशारदाने ॲल्युमिनियम ॲसिटेटचे द्रावण प्रचारात आणले. पाझरणाऱ्या त्वचेवर त्याच्या ओल्या घड्या ठेवण्याची रीत पडली.

यामागील कारण साधे आहे. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, त्वचा निवते, खाज मंदावते. शिवाय बांधलेल्या जागी नखे पोहोचत नाहीत. आज प्रौढांच्या तीव्र इसबावर डॉक्टरांनी दिलेले मलम लावून आत ओला व वर कोरडा असे दोन थर बांधतात. परंतु ती खाज नायट्याची असेल, तर स्टिरॉइडच्या मलमाने नायटा पसरतो. म्हणून पट्टी घरी बांधावी, पण रोगाचे निदान मात्र आधी डॉक्टरांकडून करून घ्यावे.