‘सर्व्हर डाउन’ म्हणजे नेमकं काय? कर्जत-खालापूरच्या सातबाऱ्यावरून समजून घ्या डेटाबेसचा वेग

पीक विम्याची मुदत संपायला दोन दिवस उरलेत. सेवा केंद्रासमोर रांग लागली आहे आणि स्क्रीनवर गोल चक्र फिरतंय. काउंटरवरून उत्तर येतं, “सर्व्हर डाउन आहे, उद्या या.”

पण अनेकदा सर्व्हर बंद नसतोच. तो चालू असतो, फक्त चुकीच्या जागी शोधत असतो किंवा कुणाची तरी वाट बघत असतो. मोठा डेटाबेस का अडकतो आणि तो पुन्हा पळता कसा करतात, हे सातबाऱ्याच्या उदाहरणातून पाहूया.

सातबारा आणि डेटाबेसचा संबंध काय?

राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत जमिनीला मोठी मागणी आहे. मुंबई आणि पुण्याच्या मधली जागा, द्रुतगती मार्ग, लोकल, फार्महाउस, गुंठ्यांत पडलेले तुकडे. त्यामुळे एकच उतारा शेतकरी, खरेदीदार, वकील आणि बँक असे सगळेच उघडून पाहतात.

गाव नमुना ७ वर जमिनीचा मालक, १२ वर पीक, ८अ वर खातेदाराची एकूण जमीन आणि नमुना ६ मध्ये फेरफार असतो. सातबाऱ्यावरच्या खाते क्रमांकावरून ८अ सापडतो, फेरफार क्रमांकावरून नमुना ६. वेगवेगळे तक्ते आणि त्यांना जोडणारे क्रमांक, हीच रिलेशनल डेटाबेसची कल्पना. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी ती १९७० साली मांडली.

इथे नावापेक्षा क्रमांक महत्त्वाचा. कर्जत नावाचा तालुका रायगडमध्ये आहे, तसाच अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. म्हणूनच २०२० मध्ये बदललेल्या सातबाऱ्यावर गावाच्या नावासोबत त्याचा कोडही येऊ लागला.

पहिला संशयित: इंडेक्स

महाभूलेखवर सर्व्हे किंवा गट नंबर टाकून शोधता येतं, तसंच पहिलं नाव, मधलं नाव किंवा आडनाव टाकूनही. डेटाबेससाठी हे सगळे शोध सारखे नसतात.

इंडेक्स नसेल, तर १० लाख ओळींच्या तक्त्यात डेटाबेसला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत जावं लागतं. इंडेक्स म्हणजे फाट्यांवरच्या पाट्या. प्रत्येक फाट्यावर १०० वाटा असतील, तर तीन फाट्यांत १० लाखांतली नेमकी ओळ सापडते. चार फाट्यांत १० कोटींतली.

पण आडनावाप्रमाणे लावलेली यादी मधलं नाव शोधायला उपयोगी नाही. आणि निम्मं गाव ‘पाटील’ असेल, तर त्या इंडेक्सने फारसं काही वाचत नाही. ‘१२/१अ’ आणि ‘१२/१ अ’ यांत फक्त एका रिकाम्या जागेचा फरक, पण संगणकासाठी त्या दोन वेगळ्या जमिनी.

मग सगळ्यावरच इंडेक्स का लावत नाहीत? कारण प्रत्येक नव्या नोंदीसोबत प्रत्येक इंडेक्सही बदलावा लागतो. शोध वेगवान होतो, पण नोंद मंदावते.

दुसरा संशयित: लॉक

खरेदीखत झालं की लगेच नाव लागत नाही. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफार नोंदवतात. नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

त्या क्षणी जुन्या नावाला कंस, नवीन नाव, ८अ मधला बदल हे सगळं एकत्र व्हावं लागतं. झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. यालाच ट्रान्झॅक्शन म्हणतात. ते पूर्ण होईपर्यंत त्या ओळींना लॉक लागतो आणि त्याच ओळी बदलू पाहणारं दुसरं काम थांबतं. एखादं ट्रान्झॅक्शन उघडंच राहिलं, तर मागे रांग वाढत जाते. बाहेरून मात्र ‘सर्व्हर डाउन’ दिसतं.

तिसरा संशयित: जुना अंदाज

शोध कोणत्या वाटेने घ्यायचा, हे डेटाबेस आकडेवारी पाहून ठरवतो. एखाद्या गावात काल मोजके हिस्से होते आणि आज प्लॉट पडून शेकडो झाले, पण आकडेवारी जुनीच राहिली, तर तो चुकीची वाट निवडतो. काल सेकंदात येणारं उत्तर आज मिनिटं घेतं, तेही कुणी काही बिघडवलेलं नसताना.

दुरुस्तीचा क्रम काय असतो?

१. आधी मोजा. सगळ्यात जास्त वेळ खाणाऱ्या क्वेरींची नोंद काढा. बहुतेकदा मोजक्याच क्वेरी दोषी निघतात.
२. प्लॅन बघा. ‘एक्सप्लेन’ ही आज्ञा डेटाबेस कोणत्या वाटेने जाणार आहे ते दाखवते.
३. कोण कुणासाठी थांबलंय ते शोधा. लॉक धरून बसलेलं काम सापडलं, की रांग सुटते.
४. आकडेवारी ताजी करा, मग इंडेक्स लावा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजणी.
५. तक्ता विभागा. महाभूलेखवर आधी ‘कोकण’ विभाग निवडावा लागायचा. मोठे तक्तेही असेच वाटून ठेवता येतात, म्हणजे खालापूरचा उतारा शोधताना विदर्भाच्या नोंदी चाळाव्या लागत नाहीत.
६. मोठं यंत्र शेवटी. वाट चुकलेली असेल, तर वेगवान गाडी घेऊनही फायदा नाही.

वेगासाठी काय गमवायचं नाही?

गर्दी हाताळण्याचा आणखी एक सोपा उपाय म्हणजे डेटाची प्रत ठेवणं. वाचणाऱ्यांना प्रत द्यायची आणि मूळ डेटाबेस नोंदींसाठी मोकळा ठेवायचा. पण प्रत मूळ डेटाच्या मागे पडू शकते.

बातम्यांच्या साइटवर दहा मिनिटांचा उशीर चालतो. जमिनीच्या व्यवहारात तेवढ्याच वेळात बोजा चढू शकतो किंवा मालक बदलू शकतो. मुंबईत बसून कर्जतची जमीन घेणाऱ्याच्या हातात जुना उतारा आला, तर तो वेग त्याला महागात पडतो. म्हणून कोणती माहिती थोडी शिळी चालेल आणि कोणती अजिबात नाही, हे आधी ठरवावं लागतं.

वाचकांनी काय लक्षात ठेवायचं?

• महाभूलेखवरचा मोफत उतारा फक्त माहितीसाठी असतो. कायदेशीर कामाला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लागतो. ही सोय १ मे २०१८ पासून सुरू झाली.
• शक्य असेल तेव्हा नावाऐवजी सर्व्हे किंवा गट नंबरने शोधा.
• व्हॉट्सअॅपवर आलेल्या उताऱ्याची तारीख बघा आणि व्यवहाराच्या दिवशी नवीन काढा.
• विमा किंवा ई-पीक पाहणीसाठी शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. त्या दिवशी सगळा महाराष्ट्र त्याच रांगेत उभा असतो.