श्वानाची चाल आणि मनुष्याची दृष्टि

पवनेच्या एका तीरावर दापोडी आणि पलीकडच्या तीरावर पिंपळे गुरव. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या रणांत मेजर फोर्डची पलटण याच दापोडीहून इंग्रजांस जाऊन मिळाली, आणि बापू गोखल्यांचें घोडदळ चौखूर सुटलें असतां वाटेंतील दलदलींत अडखळलें, हें वाचकांस ठाऊक असेलच. घोड्याच्या पायांवर राज्यें अवलंबून होतीं तोंवर त्याच्या चालीकडे मनुष्याचें बारीक लक्ष असे. दुडकी, रवाल, भरधाव अशीं नांवें आपल्या भाषेंत रुळलीं. त्याच्या वैद्यास शालिहोत्र मुनीवरून सालोत्री हें नांव मिळालें. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यकाचें कॉलेज निघालें, तेंही मुख्यतः घोडा व गुरें यांच्याच काळजीपोटीं. कुत्रा मात्र दाराशीं पडून राहिला. तो लंगडला तर तीन पायांवर चालावयास शिकला, एवढेंच लोक म्हणत.

परंतु घोड्याची चाल तरी आपणांस खरोखर दिसत होती काय? पिढ्यान्‌पिढ्या चित्रकार धांवत्या घोड्याचे चारी पाय पुढेंमागें ताणलेले दाखवीत आले. १८७८ सालीं अमेरिकेंत मायब्रिज यानें ओळीनें कॅमेरे मांडून छायाचित्रें घेतलीं, तेव्हां चारी पाय अधांतरीं असतात खरे, पण पोटाखालीं गोळा झालेले, असें आढळलें. १८८२ त फ्रेंच शास्त्रज्ञ मारे यानें बंदुकीच्या आकाराचा, सेकंदास बारा चित्रें घेणारा कॅमेरा केला. मायब्रिजच्या १८८७ च्या ७८१ चित्रफलकांत कुत्र्यांसही जागा मिळाली. इतकें होऊनही भ्रम गेला नाहीं. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका हंगेरियन पाहणींत शारीरशास्त्राच्या ग्रंथांतील चालत्या चतुष्पादांचीं निम्म्याहून अधिक चित्रें चुकीचीं ठरलीं! पिंपळे गुरवच्या राजमाता जिजाऊ उद्यानांतील डायनॉसोरचें एक वेळ सोडून द्या, त्याची चाल कोणीं पाहिली आहे? कुत्रा तर आपण रोज पाहतों.

चालतांना कुत्रा आधीं डावा मागचा, मग डावा पुढचा, नंतर उजवा मागचा आणि शेवटीं उजवा पुढचा पाय उचलतो. दुडकींत तिरप्या जोड्या एकदम पडतात. शरीराचा सुमारें शेंकडा साठ भार पुढच्या पायांवर असतो. म्हणून मागचा पाय दुखावला कीं तो भार आणखी पुढें ढकलतो, आणि न वापरलेली मांडी हळूहळू वाळते. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकतांना डोकें वर उचललें जातें. जमिनींत बसविलेल्या तक्त्यांवरून आज हा भार मोजतां येतो. पण हीं लक्षणें नुसत्या डोळ्यांसही दिसतात, पाहावयाचें मनांत असलें म्हणजे झालें.

आजचे व्यायाम याच ज्ञानावर उभे आहेत. बुटक्या आडव्या काठ्या ओलांडावयास लावल्यास पाऊल उंच उचलावें लागून सांधे अधिक वांकतात; चढावर भार मागें सरकतो. पाण्याची युक्ति तर मोठी चतुर आहे. मागच्या घोट्यापर्यंत पाणी असतां पायांवर शरीराचा शेंकडा ९१ भार राहतो, गुडघ्यापर्यंत असतां ८५, आणि खुब्यापर्यंत आलें कीं केवळ ३८. दुखरा पाय टेकावयास जनावरास धीर येतो तो येथें.

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांत एक म्हातारी कुत्री आहे. गेल्या पावसाळ्यांत तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. "एवढा खटाटोप कशास, तीन पायांवर चालते कीं!" असें मीच प्रथम म्हणालों, हें येथें कबूल केलें पाहिजे. घरचा मुलगा रोज सकाळीं गच्चीवर केरसुणीचे दांडे विटांवर आडवे मांडून तिला त्यांवरून सावकाश नेतो. प्रथम ती चौथा पाय वरच धरी. परवां मीं मुद्दाम जाऊन पाहिलें. दुसऱ्या दांड्यापाशीं ती थबकली, मुलानें घाई केली नाहीं, आणि तिनें तो पाय पलीकडे टेकला.